नांदेडगावची विहीर आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप #थ्रेड

सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात ‘नांदेड’ म्हटले की गोदाकाठचे शहरच डोळ्यांपुढे येते. जानेवारी २०२५ मध्ये बातम्यांत आलेले नांदेड मात्र निराळे : पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे, २०२१ साली महापालिकेत समाविष्ट झालेले नांदेडगाव. तेथे आणि किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत माणसांच्या हातापायांतील बळ एकाएकी जाऊ लागले. निदान झाले जीबीएस, म्हणजे गीयाँ-बारे सिंड्रोम. रुग्णसंख्या दोनशेपलीकडे गेली. काहींचे प्राणही गेले.

ज्या निबंधावरून या विकाराला नाव मिळाले तो १९१६ चा, दोन फ्रेंच सैनिकांविषयीचा. लेखक तिघे होते. तिसरे स्त्रोल नावातून गळाले ते कायमचे.

पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. कोंबड्यांच्या आतड्यांत तो निर्धास्त नांदतो. अर्धेकच्चे मांस, न तापवलेले दूध किंवा दूषित पाणी यांवाटे माणसात शिरतो. त्याच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. म्हणून जिवाणूवर उगारलेले शस्त्र क्वचित शरीराच्या स्वतःच्याच मज्जातंतूंवर पडते.

पण जिवाणू सापडला म्हणजे उगम सापडला असे नव्हे. जुलाब होऊन गेल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी अशक्तपणा सुरू होतो. तोवर विहिरीतले पाणी बदललेले असते आणि ताटातले अन्न संपून गेलेले असते. साधने नष्ट झाल्यावर घटना जुळवणे, हे आपल्या विषयातील मंडळींना अपरिचित नाही!

१८५४ च्या लंडनमध्ये याच्या नेमके उलट घडले. कॉलऱ्याचा जंतू जॉन स्नोच्या हाती नव्हता; तरी ब्रॉड स्ट्रीटचा पंप त्याने हेरला. त्याचा नकाशा सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती हॅम्पस्टेडची एक विधवा. ती पंपापासून दूर राहत होती, पण त्या पाण्याची चव आवडते म्हणून ते मुद्दाम मागवत असे. तिच्या आसपास कॉलरा नव्हता, आणि तरी ती कॉलऱ्याने गेली. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, तेव्हा साथ ओसरू लागलेलीच होती.

पुण्यातही रुग्णांची दाटी नांदेडगावच्या एका मोठ्या विहिरीभोवती दिसली. खडकवासल्याचे पाणी त्या विहिरीत येऊन, जलशुद्धीकरण केंद्राविना, घरोघर जात असे. संशय तेवढ्यावर थांबला नाही : टँकर, खासगी आरओ प्रकल्प, कोंबडीचे मांस, सगळेच चौकशीत आले. दाटी हा सबळ पुरावा खरा, पण तेथील सर्वांचे पाणी, दुकाने आणि बाजार एकच असल्याने तो एकटा पुरत नाही. अशा वेळी घरोघर विचारायचे ते अपवादांविषयी : लांब राहूनही आजारी पडलेला माणूस त्या दिवसांत येथे काय प्यायला, काय जेवला? आणि विहिरीला लागून असलेल्या ज्या घरात कोणीच आजारी पडले नाही, त्या घराचे पाणी कोठून येत होते?