किट कार : प्रोपेलर शाफ्टची जुळवणी

सुट्या भागांच्या संचातून मालकाने स्वतः जोडलेल्या मोटारीला किट कार म्हणतात. ब्रिटनमध्ये हा प्रकार फोफावला तो करामुळे. तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता; म्हणून कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची लोटस सेव्हन अनेकांनी घरीच जोडली. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. छंद मात्र उरला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले.

या गाडीचे इंजिन पुढे असते आणि गती मिळते मागच्या चाकांना. गिअरबॉक्स व डिफरेन्शियल यांना जोडतो तो प्रोपेलर शाफ्ट. सारे काही एका सरळ रेषेत हवे, असा नवख्याचा समज असतो. प्रत्यक्षात गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा आणि डिफरेन्शियलचा पिनियन परस्परांना समांतर हवेत. एकाच रेषेत नव्हेत.

याचे कारण युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, म्हणजे गॅरेजातल्या ‘क्रॉस’मध्ये आहे. तो कोनात फिरला की पुढच्या दांड्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा घटतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असतील, तर हा चढउतार शाफ्टपुरताच राहतो. सरकता सांधा उघडून पुन्हा बसवताना दाते चुकले, की गाडी थरथरू लागते. कोन शून्यही नको. क्रॉसमधील सुईसारखे रोलर जागच्या जागी राहून खाचा पाडतात. एक ते तीन अंश साधारणपणे योग्य. हा कोन बाजूने मोजला जातो, वरून पाहायचे बहुतेक जण विसरतात.

मोजमाप गाडी चाकांवर उभी करून, चालकाच्या वजनाइतका भार ठेवूनच घ्यावे. जॅकवर लोंबकळणाऱ्या आसाचा कोन निरर्थक. मागचा आस पाट्यांच्या स्प्रिंगवर असेल तर वेग घेताना पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून ते एक-दोन अंश खाली ठेवतात. डिफरेन्शियल चासीलाच बोल्टने घट्ट असेल, तर ही सूट लागत नाही.

सरळ रेषा खरोखर हवी ती इंजिनचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा आत येणारा दांडा यांच्यात. वेगळ्या बनावटीचा गिअरबॉक्स मधली प्लेट घालून जोडला असेल, तर डायल गेज लावून तपासणी करावीच. मिलिमीटरच्या दशांशाची चूकही क्लच आणि बेअरिंग खाते.

सेव्हनमध्ये हा शाफ्ट चालकाच्या कमरेशेजारून, पातळ पत्र्याच्या बोगद्यातून जातो. क्रॉस तुटलाच तर शाफ्ट आवरावा, म्हणून जाणकार त्याभोवती पोलादी कडे बसवतात.