ऑडिओलॉजी : बारावीनंतरची दुर्लक्षित वाट

बारावी विज्ञानचा निकाल लागला की घरोघरी तीच नावे निघतात. एमबीबीएस, इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, नाहीतर थेट पोलीस भरती आणि एमपीएससी. नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत म्हणून आपली अनेक मुले-मुली पुन्हा एक वर्ष क्लासमध्ये घालवतात. त्याच नीटच्या गुणांवर महाराष्ट्रात ‘बीएएसएलपी’ या पदवीला प्रवेश मिळतो, हे फार थोड्यांना माहीत असते. बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी हे तिचे पूर्ण नाव. ही पदवी घेणारा श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ अशा दोन्ही कामांसाठी तयार होतो.

हे काम नेमके काय?

कानाच्या आजारावर औषध देणे किंवा शस्त्रक्रिया करणे हे कान-नाक-घसा डॉक्टरांचे काम. ऐकू किती येते, कोणत्या आवाजाला येत नाही, दोष कानाच्या कोणत्या भागात आहे, हे मोजणे आणि पुढचे पुनर्वसन करणे हे ऑडिओलॉजिस्टचे काम. ऑडिओमेट्रीत रुग्ण आवाज ऐकू आला की खूण करतो आणि त्यावरून ऑडिओग्राम काढला जातो. तान्हे बाळ खूण करू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी ओएई आणि बेरा या चाचण्या आहेत. त्यानंतर योग्य श्रवणयंत्र निवडणे, ते रुग्णाच्या ऑडिओग्रामप्रमाणे बसवणे, कॉक्लिअर इम्प्लांटनंतर मुलाला ऐकायला व बोलायला शिकवणे, असे बरेच काम पुढे असते.

या कामात वेळेला फार किंमत आहे. जगभर मान्य असलेला नियम १-३-६ असा सांगितला जातो : पहिल्या महिन्यात बाळाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. आपल्याकडे मात्र ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ असे म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात. भाषा शिकण्याचा सर्वांत चांगला काळ त्यातच संपतो. मग मूल शाळेत मागे पडते आणि लोक त्याला मंद समजतात, जेव्हा प्रश्न फक्त ऐकण्याचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे. त्यात बालके आहेत, वृद्ध आहेत आणि गोंगाटात राबणारे कामगारही आहेत. ८५ डेसिबल आवाजात रोज आठ तासांपेक्षा जास्त काम कानाला घातक मानले जाते. १०० डेसिबलला ही मर्यादा जेमतेम १५ मिनिटांवर येते. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला चिकटून नाचणाऱ्या तरुणांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अशा आवाजाने आतल्या कानातील पेशी मेल्या तर त्या परत येत नाहीत.

अभ्यासक्रम आणि संस्था

पदवी चार वर्षांची असून शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. कानाची व मेंदूची रचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, श्रवणयंत्रांचे तंत्रज्ञान असे विषय असतात आणि पहिल्यापासून रुग्णांसोबत काम करावे लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि महापालिकेचे नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ येथे हे शिक्षण मिळते. मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था देशातील अग्रगण्य संस्था आहे. तिची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते, तिकडेही अर्ज करावा.

प्रवेशापूर्वी एक गोष्ट तपासाच : अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आहे का? १९९२ च्या कायद्यानुसार या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. मान्यता नसलेल्या संस्थेत पैसे आणि वर्षे दोन्ही वाया जातात.

खर्च आणि कागदपत्रे

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असल्यास फ्रीशिपची योजना पाहावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशात उच्च शिक्षण घ्यायचे असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. प्रत्येक योजनेचे चालू वर्षाचे निकष अर्ज भरण्यापूर्वी वाचून घ्यावेत.

जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करा. निकालानंतर धावपळ सुरू केली की हातात आलेला प्रवेश केवळ एका कागदासाठी अडतो. कार्यकर्त्यांनी वस्तीतील विज्ञान शाखेच्या मुलांची यादी करून एवढे एक काम जरी पार पाडले, तरी मोठी मदत होईल.

पदवीनंतर

रुग्णालयांचे कान-नाक-घसा विभाग, कॉक्लिअर इम्प्लांट केंद्रे, विशेष शाळा, श्रवणयंत्र कंपन्या, स्वतःचे क्लिनिक अशी कामाची ठिकाणे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतही ऑडिओलॉजिस्टचे पद असते. मात्र राष्ट्रीय आरोग्य अभियानातील ही पदे कंत्राटी असतात, हे आधीच माहीत असलेले बरे. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतल्यास अध्यापन व संशोधनाचा मार्ग खुला होतो. अमेरिकेत ऑडिओलॉजिस्ट व्हायचे तर ‘एयूडी’ ही डॉक्टरेट लागते.

सुरुवातीला चांगला पगार बहुधा यंत्र विकणाऱ्या दुकानात दिसतो. तिथेही प्रामाणिक काम करता येते. पण महिन्याचे टार्गेट आणि समोर बसलेल्या आजोबांची गरज यांत ओढाताण होते. नीट तपासणी न करता गळ्यात मारलेले यंत्र चार दिवसांत कपाटात जाते आणि आजोबा पुन्हा एकटे पडतात. म्हणून पहिली दोन वर्षे शक्यतो रुग्णालयात, अनुभवी ज्येष्ठांच्या हाताखाली काढावीत.

आपली मुले इथे का हवीत?

ऐकण्याची चाचणी आणि वाचा उपचार रुग्णाच्या भाषेत करावे लागतात. वऱ्हाडी बोलणारी आजी किंवा अहिराणी घरातले बाळ यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारा तज्ज्ञ अधिक चांगले काम करू शकतो. इंग्रजी कच्चे म्हणून मागे राहणाऱ्या मुलांची बोली इथे उपयोगी पडते. इंग्रजी पुस्तके वाचावी लागतीलच, पण ती सवयीने जमतात.

तयारी म्हणून अकरावी-बारावीत भौतिकशास्त्रातील ध्वनीचे आणि जीवशास्त्रातील कान व मज्जासंस्थेचे धडे मन लावून करा. सुट्टीत जवळच्या रुग्णालयातील श्रवण विभाग किंवा कर्णबधिर शाळा परवानगी घेऊन पाहा. सांकेतिक भाषेची चार वाक्ये शिका. सगळ्याच बहिऱ्या व्यक्तींना यंत्र नको असते. सांकेतिक भाषा ही त्यांची पूर्ण भाषा आहे, आणि तिचा मान राखणे हाही या व्यवसायाचाच भाग आहे.

आणि तुमच्या गल्लीत हाकेला वळून न पाहणारे एखादे बाळ असेल, तर त्याच्या आई-वडिलांना याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी पाठवा. त्यासाठी पदवी लागत नाही.