वीजवाट आणि संदेशवाट

हैदराबादमधील विद्यानगर स्थानकावरून धावणाऱ्या एमएमटीएस गाडीत आणि जवळच्या आझमाबाद औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणच्या यंत्रात पेच एकच असतो: मोटर चालवणारी जड वीज आणि तिच्या शेजारून जाणारा नाजूक संदेश यांची गल्लत होऊ द्यायची नाही. कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारी उपकरणे, येण्याच्या कितीतरी आधी रेल्वेला हा पेच सोडवावा लागला.

3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावलेली देशातील पहिली विद्युत गाडी 1500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत होती. मोटरचा प्रवाह रुळांतून परततो आणि पुढील मार्ग मोकळा आहे की नाही हे सांगणारे ट्रॅक सर्किटही त्याच रुळांतून अल्प प्रवाह सोडून काम करते. तेव्हा येथे अंतर ठेवणे शक्यच नसल्याने प्रवाहाची जातच वेगळी ठेवली गेली. एकदिश विजेच्या मार्गावर ट्रॅक सर्किट प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाचे आणि प्रत्यावर्ती विजेच्या मार्गावर एकदिश प्रवाहाचे, ही तोड साधी असली तरी विलक्षण बुद्धिमान होती.

1957 मध्ये भारतीय रेल्वेने 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली, तेव्हा रुळांलगतच्या खांबांवरील तारायंत्राच्या तारांचा प्रश्न उभा राहिला. परतीचा काही प्रवाह रूळ सोडून जमिनीत पसरतो, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहांचे रुंद वेटोळे तयार होते आणि त्याचे बदलते चुंबकीय क्षेत्र समांतर तारांत मैलोन्‌मैल व्होल्टता निर्माण करते. म्हणून संदेशाच्या तारा धातूचे आवरण असलेल्या भूमिगत केबलमध्ये गेल्या. शिवाय काही मार्गांवर सुमारे 2.66 किलोमीटरवर एक बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवून परतीचा प्रवाह जमिनीतून खेचून वरच्या तारेलगतच्या स्वतंत्र वाहकात आणला गेला. या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच, की वीज संदेशापासून दूर नेण्याइतकेच तिची जाण्याची आणि परतण्याची वाट एकमेकींजवळ आणणे महत्त्वाचे ठरले.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये टेलिफोनच्या दोन तारांना दिलेला पीळही याच तत्त्वाचा होता. आजच्या ड्राइव्हमध्ये आयजीबीटी हा अर्धवाहक स्विच सुमारे 600 व्होल्ट एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या हिश्शात चालू-बंद करू शकतो. म्हणून मोटरची केबल आवरणाची आणि एन्कोडरची, म्हणजे फिरण्याचे माप कळवणाऱ्या उपकरणाची, केबल पीळ दिलेल्या जोडतारांची घेतात, दोन्हींचे ट्रे वेगळे ठेवतात आणि त्यांना एकमेकींना ओलांडावे लागलेच तर ती काटकोनात ओलांडतात.

अशाच ड्राइव्हवरील तीन-फेजी इंजिने 1990च्या दशकात रेल्वेत आली आणि त्यांच्या प्रवाहातील अनेक वारंवारितांमुळे प्रवाहाची जात बदलण्याची जुनी युक्ती अपुरी पडू लागली. मुंबईच्या उपनगरी मार्गांचे 25,000 व्होल्टवरील रूपांतर 2016 मध्ये पूर्ण झाले, तेव्हा जुन्या प्रत्यावर्ती ट्रॅक सर्किटांनाही रजा द्यावी लागली होती. त्यांची जागा घेणाऱ्या यंत्रणांपैकी धुरागणक गाडीचे आस मोजतो आणि संदेशासाठी रुळांतून प्रवाह सोडतच नाही.