फुकट नकाशा, पण कशासाठी?

आजच्या भागात कोड कमी आणि इतिहास जास्त आहे. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हे लेखी रूप.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू, कारण सातारा-सांगलीत तो सगळ्यांना कळतो. महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो. पण तो फक्त माहितीसाठी असतो, कायदेशीर कामाला चालत नाही. बँकेत द्यायचा असेल तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढायचा. गट नंबर तोच, क्षेत्र तेच. बदलतो तो वापराचा हक्क.

आता हाच प्रश्न नकाशाला लावा. कराड किंवा विट्यात बसून कुणी ड्रिपचं डिझाइन करतो, कुणी जलसंधारणाचा आराखडा करतो. समोर गुगल अर्थ उघडलेलं. ते फुकट आहे, मग त्यावरून काढलेला नकाशा क्लायंटला पैसे घेऊन दिला तर चालतं का?

हा प्रश्न गुगलपेक्षा बराच जुना आहे. सर्व्हे ऑफ इंडिया सुरू झालं १७६७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. नकाशा म्हणजे सैन्याची आणि राज्यकारभाराची वस्तू, ही समजूत तेव्हापासूनची. महसुली मोजणी मात्र वेगळ्या वाटेनं गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूरला मोजणी सुरू केली आणि मुंबई इलाख्याची पद्धत तिथून पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. भूमी अभिलेखच्या खिडकीवर फी भरा आणि नक्कल घ्या, हा व्यवहार आपल्या पणजोबांनाही माहीत होता.

डोंगर, नाले, उंचीच्या रेषा दाखवणारी टोपोशीट मात्र इतकी सहज मिळायची नाही. स्वातंत्र्यानंतर सीमेलगत आणि समुद्रकिनाऱ्यालगत साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले मोठ्या प्रमाणावरचे नकाशे प्रतिबंधित झाले. आता कोयनानगर बघा. मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे, पण सरळ रेषेत समुद्र ६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाटण तालुक्याचा मोठा भाग पट्ट्यात आणि तासगाव बाहेर. ज्या भागात १९६७ चा भूकंप झाला, जिथे २०२१ च्या जुलैत आंबेघर आणि मिरगावच्या दरडी कोसळल्या, तो भाग नेमका या पट्ट्यातला. उताराचा नकाशा सगळ्यात जास्त कुणाला लागतो, हे मी वेगळं सांगायला नको.

मग आलं २००५. फेब्रुवारीत गुगल मॅप्स, जूनमध्ये गुगल अर्थ. आणि मध्येच १९ मे रोजी भारत सरकारचं राष्ट्रीय नकाशा धोरण, ज्यात संरक्षणासाठी एक मालिका आणि लोकांसाठी दुसरी खुली मालिका अशी विभागणी झाली. धोरण ठीकच होतं, पण त्याच वर्षी शिवसागर जलाशय नेट कॅफेत माउसनं फिरवून बघता यायला लागला होता.

पण गुगलचं फुकटही अटींचं होतं. साधं गुगल अर्थ वैयक्तिक वापरापुरतं. धंद्यासाठी ‘प्रो’ आवृत्ती, वर्षाला ३९९ डॉलर. आपल्याकडच्या दोन टेबलांच्या ऑफिसांत ते कितींनी भरले असतील, तुम्हीच ठरवा. जानेवारी २०१५ मध्ये ‘प्रो’ फुकट झालं. तरी अटी राहिल्याच: श्रेय द्या, थोकानं डाउनलोड करू नका, आमच्यावरून गिरवून आमच्याला पर्याय ठरेल असा डेटा बनवू नका.

गुगल मॅप मेकरची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त खुपते. भारतात २००८ पासून लोकांनी आपापल्या गावचे रस्ते, शाळा, देवळं त्यात हौसेनं भरली. २०१३ ला गुगलनं ‘मॅपाथॉन’ स्पर्धा घेतली, तर सर्व्हे ऑफ इंडियानं पोलिसांत तक्रार केली आणि पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं. २०१७ मध्ये मॅप मेकर बंद झालं. भरलेली माहिती गुगलकडे राहिली. मेहनत गावाची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार.

सरकारी बाजूला गोष्ट आणखी ताणली गेली. मे २०१६ मध्ये भूस्थानिक माहितीच्या विधेयकाचा मसुदा आला. परवान्याशिवाय अशी माहिती गोळा करणाऱ्याला १ कोटीपासून १०० कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद! त्याच उन्हाळ्यात कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिल्या वॉटर कपसाठी उन्हात चर खणत होतं, आणि तो कप त्यांनी जिंकलाही. त्या चरांचे जीपीएस पॉइंट कुणी मोबाइलवर टिपून नकाशा केला असता, तर मसुद्याप्रमाणे त्यालाही परवानगी लागली असती. विरोध झाला, मसुदा बारगळला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी उलटी दिशा धरली: भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांना नकाशे करायला आधी परवानगी लागत नाही, संवेदनशील ठिकाणांची बंधनं तेवढी पाळायची.

म्हणजे आज सरकारचा अडसर बराच कमी झालाय. उरला तो लायसन्सचा. आणि इथे आपली मराठी कामाला येते, कारण आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. २००२ मध्ये गॅरी शेरमन यांनी सुरू केलं, जीपीएल लायसन्स, त्यावर खुशाल पैसे कमवा. पण बरेच जण त्याच्यात प्लगइन टाकून खाली गुगलचं सॅटेलाइट चित्र लावतात आणि शेताच्या हद्दी गिरवतात. सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणून खालचं चित्र मुक्त होत नाही. ट्रॅक्टर तुमचा असला तरी रान दुसऱ्याचं आहे.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासूनचं. सप्टेंबर २०१२ पासून त्याचा डेटा ओडीबीएल लायसन्सवर आहे. त्यावर नकाशा छापून विकता येतो, कोपऱ्यात ‘ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ असं श्रेय द्यायचं. मूळ डेटातच दुरुस्त्या करून तो बाहेर दिलात, तर त्या दुरुस्त्याही त्याच अटीवर खुल्या कराव्या लागतात. क्लायंटच्या विहिरी आणि पाइपलाइन वेगळ्या लेयरमध्ये ठेवल्या तर त्या त्याच्याच राहतात. गुगलवरून गिरवून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरणं मात्र तिथे सक्त मना आहे.

आणि सॅटेलाइट चित्र हवंच असेल तर युरोपचा सेंटिनेल-२ आहे. २०१५ पासून वर फिरतोय, धंद्यासाठीही चालतो, फक्त स्रोत लिहायचा. त्याच्या चांगल्या बँडमध्ये एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. वाळव्याच्या उसाचा फड त्यात उघडलात की एका पिक्सेलला जवळपास एक गुंठा मोजत बसायला हरकत नाही.