माझे चार आवडते अल्बम, आणि एक लपवलेला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना केलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

तर बरेच दिवस तुम्ही विचारताय, की तू स्वतः काय ऐकतोस? आवडते बँड सांग, अल्बम सांग. म्हटलं ठीक आहे, यादी करू. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन बसलो आणि दहा मिनिटांत यादी तयार. पटापट सांगतो.

पहिला, पब्लिक एनिमी, 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक', १९८८. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची कृष्णवर्णीय पोरं. चक डी मुख्य रॅपर, आणि फ्लेवर फ्लेव त्याच्या प्रत्येक ओळीला मागून साथ देतो.

दुसरा, बॉब मार्ले आणि वेलर्स, 'एक्झोडस', १९७७. डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनला मार्लेच्या घरात घुसून त्याच्यावर गोळीबार झाला. तो वाचला, जमैका सोडून लंडनला गेला आणि तिथे हा अल्बम झाला.

तिसरा, रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम, १९९२. कव्हरवर सायगावच्या रस्त्यात स्वतःला पेटवून घेतलेल्या बौद्ध भिक्खूचा १९६३ चा फोटो आहे. फर्स्ट इयरला तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गाणं थांबवून फोटोच बघत बसलो होतो.

चौथा, केंड्रिक लमार, 'टू पिंप अ बटरफ्लाय', २०१५. यावर वेगळा भाग करावा लागेल.

यादी झाली आणि मीच ती परत वाचली. चारही अल्बम एकाच गोष्टीबद्दल आहेत राव. ज्यांना माणूस म्हणून मोजलं नाही, त्यांनी माइक हातात घेतला. आणि चारही अल्बम सात समुद्रापलीकडचे. मी कुठे वाढलो? उत्तर नागपुरात, इंदोऱ्याला. तिथून दीक्षाभूमी किती लांब आहे, नागपूरकरांना सांगायला नको. माझ्या घरात असलं संगीत भिंतीतल्या फळीवर ठेवलेलं होतं. एक्केचाळीस कॅसेटी. त्यातली एकसुद्धा यादीत नाही.

का नाही, ते आज सांगतो. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास.

सन १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केलं, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'. अडचण अशी, की ज्यांच्यासाठी ही पत्रं होती त्यातल्या बहुतेकांना अक्षरच ओळखू दिलेलं नव्हतं. मग मजकूर पोचवायचा कसा? गाऊन. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातून सत्यशोधकी जलसे निघाले होतेच. १९३० च्या दशकात त्याच वाटेने आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. साचा तमाशाचाच: ढोलकी, सवाल-जवाब, विनोद, वग. आतला माल बदलला. पोरांना शाळेत घाला, पाण्यावर आपला हक्क आहे, मेलेली जनावरं ओढायची कामं सोडा. आपण इंजिनियर लोक म्हणू, प्लॅटफॉर्म तोच ठेवला, अ‍ॅप बदललं.

मग आले वामन कर्डक, म्हणजे आपले वामनदादा. आडनाव तेच, जिल्हाही नाशिकच, पण माणूस वेगळा. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत गिरणीत काम केलं, आणि लिहायला-वाचायला शिकले ते मोठेपणी. १९४३ पासून गाणी रचायला लागले ते २००४ मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. गावोगाव फिरायचे, आणि गाणी हजारांत मोजावी लागतात.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला ते गेले. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या वाढत गेल्या. 'गायन पार्टी' हा आपला शब्द आहे बरं का. 'बँड' म्हटलं की मला लग्नाच्या वरातीतला बँडच आठवतो. गायन पार्टीत पेटी, ढोलकी किंवा तबला, बेंजो, मागे कोरस. कधी भीमगीतं, कधी कव्वाली. दोन पार्ट्या समोरासमोर बसून कव्वालीचा मुकाबला रात्रभर चालायचा.

पण हे सगळं त्या रात्रीपुरतंच होतं. तबकडी काढायची तर कंपनी हवी, कारखाना हवा, आणि कंपन्यांना वाटायला हवं की हे विकेल. ते बदललं कॅसेटने. कॅसेटची नक्कल करायला दोन डेक पुरतात. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत अभ्यासकाचं १९९३ चं 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक आहे. त्यात तो मांडतो, की १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातल्या संगीताच्या बाजारात कॅसेटचा वाटा ९५ टक्क्यांवर गेला. बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली, आणि ज्या गाण्यांना कोणी विचारत नव्हतं ती बाजारात आली. आमच्या फळीवरच्या कॅसेटी त्या लाटेतल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, नंतर आनंद आणि मिलिंद शिंदे. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तर महाराष्ट्रात असा पसरला, की विठ्ठलाची गाणी ऐकणारं घर आणि भीमगीतं ऐकणारं घर एकाच गळ्यावर पोसलं गेलं.

बाबा दर विजयादशमीला दीक्षाभूमीवरून एक पुस्तक आणि एक कॅसेट आणायचे. पुस्तक माझं, कॅसेट त्यांची. रेल्वेतली नोकरी होती. रात्रपाळी करून आले की आधी टेप लावायचे, मग चहा. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम माझ्याकडे.

एक कॅसेट मात्र विकत आणलेली नव्हती. साठ मिनिटांची कोरी कॅसेट, तिच्यावर बाबांच्या अक्षरात फक्त '१४ एप्रिल'. मी जन्मायच्या आधी कधीतरी वस्तीत जयंतीच्या रात्री गायन पार्टी झाली, तेव्हा बाबांनी स्टेजजवळ टेप ठेवून ती भरली. त्यात गाणं आहे, माइकची शिट्टी आहे, एक लहान पोरगं रडतंय, आणि मधेच कोणीतरी बक्षिसाचे पाच रुपये जाहीर करतंय. लाइव्ह अल्बम म्हणतात ना, तो हा.

आता लपवालपवीकडे येतो.

२०१४ मध्ये बीटेकला लागलो, हॉस्टेलला राहायला गेलो. फोनवर भीमगीताची रिंगटोन होती. घरून निघताना होती, तशीच राहिली. कॉलेजमध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा कोणी काही म्हटलं नाही. फक्त एकाने आडनाव विचारलं. आधी विचारलं नव्हतं. एवढंच. पण तुमच्यातल्या काही जणांना हे 'एवढंच' म्हणजे काय ते कळलं असेल. मग मी बॅचमध्ये रॉकवाला, रॅपवाला झालो. पब्लिक एनिमीचं टी-शर्ट घालून फिरायचो. न्यूयॉर्कच्या पोरांचा राग मला शोभत होता, स्वतःच्या बापाच्या कॅसेटींची लाज वाटत होती.

मे २०१५. शिर्डीत एका तरुणाला मारून टाकलं. नर्सिंगला शिकत होता, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा. बातम्यांत आलं, की त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून काही जणांनी वाद घातला, मारहाण केली आणि त्याला उचलून नेलं.

त्या रात्री बाबांचा फोन आला. तब्येत नाही, परीक्षा नाही, थेट म्हणाले, "रिंगटोन बदलवून टाक."

मी म्हटलं, "बाबा, इथे कोण काय करणार आहे?"

"बदलवून टाक म्हटलं ना बे."

ज्या माणसाने आयुष्यभर पोटाला चिमटा काढून या कॅसेटी जमवल्या, तो मला हे सांगत होता. मी बदलली. कंपनीची साधी ट्यून ठेवली. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. आता निमित्त मिळालं होतं. पुढे नोकरी लागली, फोन तीन झाले, ट्यून तीच.

मागच्या वर्षी टेप बंद पडला. बाबांनी विचारलं, "तुह्या कंप्युटरात हे येते का?" म्हटलं, येते. जुना वॉकमन मिळवला, वायर लॅपटॉपला जोडली, रेकॉर्डिंग सुरू. यात शॉर्टकट नाही मंडळी. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात. बसून ऐकावीच लागते. एक्केचाळीस कॅसेटी, चार महिन्यांचे शनिवार-रविवार.

सवयीप्रमाणे मी शीट बनवली. गाणं, गायक, कवी, संगीत, साल. आणि अडकलो. बऱ्याच कव्हरांवर गायकाचा मोठा फोटो, कवीचं नाव बारीक किंवा नाहीच. कवीचा रकाना रिकामा राहायला लागला. बाबा बाजूला बसले होते. म्हणाले, "शेवटचं कडवं ऐक ना."

शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. नाममुद्रा. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' असतं, तसंच वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतं. मला शाळेत हे शिकवलं होतं, पण त्याचा उपयोग त्या दिवशी कळला. आपण फाइलला टॅग लावतो, तो फाइल बदलली की उडतो. यांनी टॅग गाण्याच्या आतच, यमकात बसवला. कव्हर फाटू दे, दुकानदाराने शंभर नकला काढू दे, गाणारा बदलू दे. जोवर गाणं पूर्ण गायलं जातंय तोवर रचणाऱ्याचं नाव जात नाही.

'पूर्ण गायलं जातंय तोवर' हे महत्त्वाचं. रिंगटोनमध्ये काय असतं? ध्रुवपद, तीस सेकंद. रीलमध्ये? तेच. मिरवणुकीच्या डीजेवर? ध्रुवपद आणि बेस. शेवटचं कडवं कुठेच पोचत नाही. ज्यांना कागदावर जागा मिळाली नाही त्यांनी गाण्यात जागा केली, आणि आपण नेमकी तीच जागा कापतो. फोनला मी नावं ठेवत नाहीये. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात, त्या घराघरात पोचल्या त्या फोनमुळेच. चेन्नईचं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' मला यूट्यूबवरच सापडलं. गाना, रॅप आणि रॉक एकत्र करून २०१८ च्या जानेवारीत त्यांनी पहिला कार्यक्रम केला. त्यांचं गाणं बाबांना ऐकवलं तर म्हणाले, "तमीळ समजत नाही, पण हे आपलेच होय." पब्लिक एनिमीही ऐकवलं. फ्लेवर फ्लेव ऐकून म्हणाले, "हा तर झीलकरी होय." पोवाड्यात शाहिराची ओळ मागून उचलतो तो झीलकरी. दहा वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता.

विठ्ठल उमपांची कॅसेट भरत होतो तेव्हा बाबा टेपजवळ सरकून बसले. २६ नोव्हेंबर २०१० ला शाहीर दीक्षाभूमीवर कार्यक्रमात होते. मंचावरच कोसळले, आणि गेले. त्या दिवशी बाबांची ड्युटी होती, जाता आलं नाही. ती कॅसेट संपली तरी त्यांनी बटण दाबलं नाही, टेप तशीच फिरत राहिली.

सगळ्यात शेवटी '१४ एप्रिल' घेतली. नऊ गाणी आहेत. गाणारे कोण, बाबांनाही आता आठवत नाही. आठ गाण्यांत शेवटच्या कडव्यात नाव सापडलं. पाचात वामन. नववं गाणं सगळ्यात चांगलं आहे, आणि त्याच्या शेवटच्या कडव्याला बी साइड संपते. खट्, आणि शांतता. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून पुढचं कडवं गायला सुरुवात केली, सुरात, आणि नावाच्या जागी येऊन थांबले. "नाव होतं बे इथं. दोन अक्षरी होतं." परत पहिल्यापासून गायले, परत तिथेच थांबले. मी ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्या कॅसेटच्या फाइलला जोडून ठेवलं. शीटमध्ये तो एक रकाना अजून रिकामा आहे.

तर माझी यादी अशी. पाचवा अल्बम, '१४ एप्रिल', नागपूर, गायन पार्टी अज्ञात, साल अंदाजे १९९०. यादीत पाचवा, पण ऐकायला लागलो तेव्हाचा पहिला.

तुमच्या घरात अशा कॅसेटी असतील तर एवढं करा: गाणं शेवटपर्यंत ऐका, नाव आलं की लिहून ठेवा. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर आधी त्यांना गायला लावा. कॅसेट त्यांच्यापेक्षा जास्त टिकते.

शेवटी एक. या भागाचं रेकॉर्डिंग चालू असताना माझा फोन वाजला, तो तुम्ही ऑडिओत ऐकला असेल. तेवढा भाग एडिटमध्ये कापायचा होता, पण राहू दिला. ट्यून बदलली आहे. बाबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आवाज कमी ठेव जरा." काळजी अजून गेलेली नाही, आणि ती का जावी, तुम्हीच सांगा.

दर भागाच्या शेवटी मी 'चला, भेटू' म्हणतो. आज आमच्या घरात जे म्हणतात ते म्हणतो. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय ज्यांना देतात ते बाबू हरदास इथलेच, आपल्या शेजारच्या कामठीचे. १९३९ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेले.

जय भीम मंडळी. पुढच्या भागात भेटू.