तळं गोठतं, तळ गोठत नाही



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला आधीच गाठलं. म्हणाले, सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता बागेतलं तळं कुठून काढलंत? आणि तेही हिवाळ्यातलं? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. तळंच्या तळं गोठणं हा आपला अनुभव नव्हे. माझाही नव्हता. काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला हिवाळा काढायचा योग आला, तेव्हा तो आला, आणि थोडा महागात पडला.

तिच्या घरामागे छोटी बाग आहे आणि बागेत एक तळं. आधीच्या घरमालकानं खणलेलं. लांबी-रुंदी आपल्या दिवाणाएवढी, खोली जेमतेम दोन फूट. त्यात आठ गोल्डफिश. ते माझ्या नातीचे; प्रत्येकाला नाव होतं. डिसेंबरच्या शेवटी सलग चार-पाच दिवस कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी तळ्यावर काचेसारखा जाड बर्फ. नात शाळेत, मुलगी-जावई कामावर. मला वाटलं, आत मासे गुदमरत असतील. मी गॅरेजमधून हातोडी आणली आणि बर्फावर घातली. पाच-सहा घाव घातल्यावर भोक पडलं. मोठं पुण्यकर्म केल्यासारखा मी चहा करायला आत गेलो.

तिसऱ्या दिवशी बर्फ वितळला तेव्हा दोन मासे मेलेले सापडले.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात, त्यांचंही तळं आहे. त्यांनी सांगितलं की बर्फावर घाव घालू नये. आघाताची लाट पाण्यातून जाते आणि थंडीनं मंदावलेल्या माशांना ती सोसत नाही. भोक हवंच असेल तर गरम पाण्याचं भांडं बर्फावर ठेवायचं, ते हळूहळू आपली जागा करतं. आता, ते दोन मासे माझ्या हातोडीनंच गेले, हे सिद्ध करता येणार नाही. एकामागून एक घटना घडली म्हणून पहिली दुसरीचं कारण होत नाही, हे मी तीस वर्षं डेव्हिड ह्यूमच्या नावानं वर्गात सांगत आलो. त्या संध्याकाळी नातीसमोर मात्र मला ह्यूम आठवला नाही. मी सांगितलं, चूक माझी.

ती रडली. आणि मग तिनं विचारलं, "आजोबा, पण बाकीचे सहा का नाही मेले? वर सगळा बर्फ होता ना?"

आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. तिला तेव्हा नीट देता आलं नाही, म्हणून तुम्हाला ऐकवतोय.

मराठीतला 'का' हा शब्द बघा. मोठा सोयीचा आणि मोठा फसवा. 'का' म्हणजे कशामुळे, आणि 'का' म्हणजे कशासाठी. पाऊस का पडतो? ढगांमुळे, की पिकांसाठी? लहान मूल दोन्ही एकदमच विचारतं. युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनीही गोठलेल्या तळ्याकडे पाहून दोन्ही एकदमच विचारलं, आणि ते दोन प्रश्न वेगळे व्हायला जवळजवळ पासष्ट वर्षं गेली.

गोष्ट सुरू होते काउंट रम्फर्डपासून. मूळचा बेंजामिन थॉम्पसन, जन्म १७५३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. अमेरिकन क्रांतीत हा इंग्रजांच्या बाजूनं राहिला, मग युरोपात गेला, बव्हेरियाच्या राजदरबारी चढत चढत काउंट झाला. गरिबांसाठी स्वस्त सूप, कमी धूर करणाऱ्या शेकोट्या, सैन्याच्या सुधारणा, सगळ्यात याचा हात. म्युनिकमधली 'इंग्लिश गार्डन' ही अफाट बाग १७८९ मध्ये याच्याच पुढाकारानं सुरू झाली. म्हणजे बाग, पाणी आणि कडक हिवाळा, तिन्ही गोष्टी या माणसाच्या रोजच्या पाहण्यातल्या.

१७९७ मध्ये त्यानं द्रवांतून उष्णता कशी पसरते यावर निबंध लिहिला. त्यात पाण्याच्या एका विचित्र वागण्यावर तो थांबला. ते वागणं तुम्हाला माहीत आहे. आपल्या दहावीच्या पुस्तकात 'पाण्याचे असंगत आचरण' म्हणून येतं, शेवटी दोन मार्कांना विचारतात आणि आपण विसरून जातो. थंड होताना पदार्थ आकुंचन पावतात, जड होतात. पाणीही होतं, पण सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली गेलं की उलटं. पाणी पुन्हा फुगायला लागतं, हलकं होतं.

आता हे तळ्यात बसवून बघा. थंडी वरून येते. वरचं पाणी गार झालं, जड झालं, खाली गेलं. खालचं ऊबदार पाणी वर आलं, तेही गार होऊन खाली गेलं. हे चक्र चालत राहतं ते सगळं तळं ४ अंशांवर येईपर्यंत. त्यानंतर वरचं पाणी आणखी गार होतं, पण आता ते हलकं असतं. ते वरच राहतं, आणि तिथंच गोठतं. बर्फ तर पाण्याहून हलकाच, तोही तरंगतो आणि वर गोधडीसारखा पसरतो. थंडी आत शिरायला आता फार वेळ लागतो. तळाशी मासा, चिखलात बेडूक. इंग्लंडमधल्या साध्या बेडकांतले बरेच नर तळ्याच्या तळाशीच हिवाळा काढतात, कातडीतून श्वास घेत.

रम्फर्ड म्हणाला, पाणीही इतर पदार्थांसारखं गोठेपर्यंत जड होत गेलं असतं तर थंड देशांतली तळी तळापासून गोठली असती आणि त्यातला जीव ना जीव मेला असता. एवढा एकच अपवाद, आणि तो नेमका प्राण वाचवणारा! हे योगायोगानं कसं असेल? हा सृष्टिकर्त्याच्या शहाणपणाचा उघड पुरावा आहे. पुढे १८३४ मध्ये विल्यम प्राउट या रसायनशास्त्रज्ञानं ब्रिजवॉटर ग्रंथमालेतल्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा पुन्हा मांडला. ती मालिका काढलीच होती निसर्गातून ईश्वराचं कर्तृत्व दाखवायला.

गंमत अशी की ज्या ह्यूमनं या पद्धतीच्या युक्तिवादाची चिरफाड केली, त्याचे 'नैसर्गिक धर्मावरील संवाद' त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापून आले होते. रम्फर्डच्या निबंधाच्या अठरा वर्षं आधी. पण युक्तिवाद तर्कानं मेला तरी माणसाच्या मनातून जात नाही. त्याला मोजमाप लागतं. ते मोजमाप ह्यूमच्याच एडिंबरामध्ये झालं. थॉमस चार्ल्स होप, तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक. उंच भांड्यात पाणी, वर एक तापमापी, खाली एक, आणि भांड्याच्या मध्यभागी बाहेरून बर्फ-मिठाचं मिश्रण. आधी खालची तापमापी उतरते, ४ अंशांच्या आसपास येऊन थांबते. मग वरची उतरू लागते, थेट शून्यापर्यंत. हे १८०५ मध्ये प्रसिद्ध झालं. आपण शाळेत शिकलो ते 'होपचे उपकरण' हेच. एक बंदिस्त तळंच आहे ते, टेबलावर ठेवलेलं. शाळेत कुणी आम्हाला तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

होपनं 'कशामुळे' सांगितलं नाही, फक्त 'कसं' पक्कं केलं. 'कशासाठी'ला उत्तर दिलं जॉन टिंडलनं, आणि तेही एका व्याख्यानमालेत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६२ मध्ये त्यानं उष्णतेवर बारा व्याख्यानं दिली, पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं. तुमच्यासारखेच श्रोते समोर, फक्त ते तिकीट काढून आलेले. टिंडलनं बिस्मथ हा धातू घेतला. वितळलेला बिस्मथही गोठताना पाण्यासारखाच फुगतो. तो लोखंडी बाटलीत घट्ट भरून थंड होऊ दिला की बाटली तडकते. आणि मग टिंडलचा मुद्दा असा, की इथं तर वाचवायला एकही मासा नाही! तरी धातूचं वागणं तेच. म्हणजे पाणी माशांसाठी फुगतं असं म्हणायचं तर बिस्मथ कुणासाठी फुगतो?

ज्या संस्थेत टिंडल हे बोलत होता तिच्या संस्थापकांत प्रमुख नाव काउंट रम्फर्डचं होतं. स्थापना १७९९. इतिहास असे टोमणे मारतो, आपण मारायची गरज नसते.

'कशामुळे'चं उत्तर पुढच्या शतकात मिळालं. पाण्याचे रेणू हायड्रोजनबंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. थंडी वाढेल तशी ही पकड जास्त जागा अडवणारी, जाळीदार होऊ लागते. बर्फात ती पूर्ण होते. बस्स. त्यात मासा कुठंच नाही.

माझा कल टिंडलकडे आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण रम्फर्डला हसायला मी तयार नाही. त्यानं उत्तर चुकीचं दिलं, पण निदान वाकून तळ्यात पाहिलं. आणि एक गोष्ट उलटून पाहा. पाणी माशासाठी तसं वागत नाही, हे मान्य. पण मासा मात्र तसल्या पाण्यात जगायला घडत गेला. गोल्डफिशचंच घ्या. बर्फाखाली प्राणवायू अगदी संपत आला तर या माशाच्या शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं इथेनॉल होतं, म्हणजे मद्यार्क, आणि तो ते कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे १९८० मध्ये शोधलं गेलं. त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प तर यात इतका पुढे, की २०१७ च्या संशोधनानुसार त्याच्या रक्तातलं मद्याचं प्रमाण गाडी चालवायच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे जातं. नातीला हे फोनवर सांगितलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, ती आठ वर्षांची आहे."

आता टिंडल जिंकला, पण त्यामुळे तळं सांभाळणाऱ्याचं काम संपत नाही. नियम खोल तळ्याचा आहे. दोन फुटी तळ्यात वाऱ्यानं, पंपानं पाणी ढवळलं की तळाची ऊब वर येऊन निघून जाते. शेजारच्या गृहस्थांकडे जपानी कोई मासे आहेत. पाच फूट खोल तळं. त्यांनी मला सांगितलं की या माशांचं मूळ गाव यांच्याहून दसपट बर्फाचं आहे. मी वाचत गेलो, आणि खरंच.

जपानच्या निगाता प्रांतात यामाकोशी म्हणून डोंगराळ मुलूख आहे. हिवाळ्यात तिथं पुरुषभर उंचीहून जास्त बर्फ पडतो. भातशेती करणारे लोक खाचरांच्या वर तळी बांधून कार्प मासे पाळत. बर्फात अडकल्यावर तेवढंच ताजं मांस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाण्याच्या माशांत अधूनमधून लाल, पांढरे निघू लागले. कुणीतरी ते खाल्ले नाहीत, बाजूला ठेवले. कोईचा सगळा इतिहास त्या न खाल्लेल्या माशांपासून सुरू होतो. १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग जगभर गेले.

या लोकांनी पाण्याच्या नियमावर विसंबून मासे बाहेर ठेवले नाहीत. शरद ऋतूत, बर्फाच्या आधी, डोंगरावरच्या तळ्यांतून निवडक मासे काढून घराजवळच्या, छपराखालच्या टाक्यांत आणायचे, वसंतात परत सोडायचे. आजही तेच चालतं. २३ ऑक्टोबर २००४ ला तिथं मोठा भूकंप झाला, नेमका या दिवसांत. तळ्यांचे बांध फुटले, वीज गेली, हवा खेळवणारे पंप बंद पडले, असंख्य मासे मेले. सगळं गाव, दोन हजारांहून जास्त माणसं, हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं. नंतर काही मासेही हेलिकॉप्टरनं खाली आणले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वाण होते ते. बियाणं म्हणा ना.

इंग्लंडचं तळं इतकं मागत नाही. पानगळीत वर जाळी टाकायची, कारण पानं तळाशी कुजून प्राणवायू खातात. पाणी १० अंशांखाली गेलं की खाणं बंद. माशाला ते पचत नाही. पंप तळातून उचलून वर घ्यायचा किंवा बंद करायचा. एक गोष्ट मला पुढे कळली. २०१० च्या कडक हिवाळ्यात तिथल्या एका संस्थेनं लोकांकडून त्यांच्या तळ्यांची माहिती गोळा केली, तेव्हा दिसलं की बर्फाला भोक पाडल्यानं प्राणवायूत फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा बर्फावर साचलेलं हिम झाडून काढावं, म्हणजे उजेड आत जातो आणि पाण्यातल्या वनस्पती आपलं काम करतात. थोडक्यात माझी हातोडी नुसती घातक नव्हती, निरुपयोगीही होती.

बाकी मग खिडकीत बसायचं. त्या हिवाळ्यात मी बसलो. बर्फ स्वच्छ असेल तर वरून दिसतं. तळाशी नारिंगी ठिपके, जवळजवळ न हलणारे. नात शाळेतून आली की आधी ते मोजायची. सहा. रोज सहा. आम्ही दोघांनी त्यात बराच वेळ घालवला आणि फारसं बोललो नाही.

गेल्या वर्षी तिला दोरीला बांधायची तापमापी पाठवली. बर्फ धरला त्या दिवशी तिनं कडेला गरम पातेलं ठेवून जागा केली, तापमापी तळापर्यंत सोडली आणि मला फोन केला. आवाजात तक्रार होती. "आजोबा, तुमचे ते होप म्हणतात ४. माझ्याकडे ३ आलंय."

मी म्हटलं, तुझं तळं उथळ आहे, वारा होता का काल? होता, म्हणाली. मग तिनं वहीत ३ लिहिलं, पुढे वारा लिहिला.

वेळ झाली आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर घेऊ.