जबाबदारी कोणाच्या हातात?

ई-मेलचा इतिहास म्हटलं की पहिलं पत्र कोणी पाठवलं यावर चर्चा रंगते. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: पत्र पोचलं नाही, तर जबाबदार कोण?

१९७०च्या दशकाच्या शेवटी बर्कली विद्यापीठात अर्पानेटची जोडणी ‘इन्ग्रेस’ प्रकल्पाच्या यंत्राला होती. इतरांनाही तिथे खाती हवी होती, पण जागा अपुरी. लोकांना आत घेण्यापेक्षा त्यांची पत्रंच पुढे धाडावीत, असं एरिक ऑलमनने ठरवलं. त्याचा ‘डिलिव्हरमेल’ १९७९मध्ये बर्कलीच्या युनिक्ससोबत बाहेर पडला. त्याची मांडणी प्रोग्रॅमच्या पोटातच कोरलेली होती. जोडणी बदलली की प्रोग्रॅम पुन्हा कम्पाइल करा. म्हणून पुढच्या ‘सेंडमेल’ने (१९८३) नियम वेगळ्या फाइलीत ठेवले. दरम्यान, ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेलने एसएमटीपीचा मसुदा प्रसिद्ध केला होता.

या संभाषणातला मला सर्वांत आवडणारा आकडा म्हणजे २५०. पत्राचा मजकूर संपल्यावर समोरचं यंत्र ‘२५०’ म्हणतं, तेव्हा ते नुसती पोच देत नाही, जबाबदारी घेतं. इथून पुढे पत्र पोचवीन, नाहीतर न पोचल्याचं कळवीन. १९८९च्या नियमावलीने तर बजावलं, की क्षुल्लक कारणाने पत्र हरवू देऊ नये.

मग टेबलाटेबलावर वर्कस्टेशनं आली. प्रत्येकावर सेंडमेल होतं, म्हणजे प्रत्येक यंत्र स्वतंत्र पोस्ट ऑफिस. पण संध्याकाळी माणूस ते बंद करून घरी जाणार, आणि रांगेतली पत्रं आत अडकणार. नव्वदच्या दशकात एका संस्थेत हे काम माझ्याकडे होतं. उपाय सर्वत्र एकच असे: वर्कस्टेशनने स्वतः काही पोचवायचं नाही, सगळी पत्रं एका ‘मेलहोस्ट’कडे द्यायची. ते यंत्र रात्रंदिवस जागं. पलीकडचं दार बंद असेल तर थोड्या वेळाने पुन्हा ठोठवायचं, चार-पाच दिवसांनी हार मानून पत्र परत करायचं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातही वर्कस्टेशनचं नाव नको, संस्थेचं हवं, नाहीतर उत्तर बंद यंत्राकडे जायचं. रोज सकाळी मी आधी रांग पाहत असे. परदेशी प्रवेशासाठी अर्ज केलेला विद्यार्थी दारात उभा असे, आणि ‘अजून रांगेत आहे’ एवढंही त्याला पुरे. निदान पत्र कुठे आहे ते ठाऊक होतं.

या व्यवस्थेचा पाया विश्वास होता, आणि तोच पोखरला गेला. २ नोव्हेंबर १९८८ला मॉरिस वर्म पसरला, त्याची एक वाट सेंडमेलच्या उघड्या राहिलेल्या डीबग सोयीतून जात होती. पुढे जाहिरातबाजांनी परक्यांचे मेलहोस्ट फुकटात वापरले. १९९८मध्ये सेंडमेल ८.९ने परक्यांची पत्रं पुढे धाडणं मुळातच बंद केलं. त्याच वर्षाअखेरीस आपल्या माणसांची पत्रं स्वीकारायला ५८७ क्रमांकाचं वेगळं दार सुचवलं गेलं.

कुलपं आवश्यकच होती. पण आज २५० मिळूनही पत्र स्पॅमच्या फडताळात जाऊन पडतं, आणि पाठवणाऱ्याला कोणी कळवत नाही. परत आलेलं पत्र निराश करायचं, तरी ते उत्तर होतं. आता पत्र पोचलं की नाही, हे विचारायला आपण फोन करतो.